“माझं तारण होईल ना गं?”

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ३१ वर्षांच्या आहेत. तालुक्याच्या गावी, मराठी ख्रिस्ती घरात वाढल्या. आता पुण्यात तत्त्वज्ञानात पीएच.डी. करतात, विषय आहे सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा याच्या विचारातलं प्रकटीकरण (देवाने माणसांना कळवलेलं ज्ञान) आणि तारण (आत्म्याचा उद्धार). वडील ४ वर्षांपूर्वी गेले. आईने ३२ वर्षं नर्स म्हणून नोकरी केली. आता आठवड्यातून दोनदा तिचं डायलिसिस असतं, म्हणून ती मुलीकडेच राहते. त्या लिहितात: “एका रात्री आई म्हणाली, ‘तू एवढं वाचतेस. खरं सांग, माझं तारण होईल ना गं?’ मी ‘झोप आता’ म्हणाले आणि दिवा मालवला. गेली ६ वर्षं मी मनापासून उपासनेला बसलेले नाही, हे आईला माहीत नाही. मी ज्याच्यावर प्रबंध लिहितेय त्याच्या मते प्रकटीकरण म्हणजे संदेष्ट्यांच्या कल्पनाशक्तीचा खेळ, आणि तारण मिळतं ते ज्ञानाने. मग आईला ‘हो’ म्हणणं खोटं, ‘नाही’ म्हणणं क्रूर. स्पिनोझाला त्याच्या घरमालकिणीने हेच विचारलं होतं. त्याने गोड बोलून तिची समजूत काढली, असं आमचे मार्गदर्शक म्हणतात. मला तसं जमत नाही. भाऊ म्हणतो, तत्त्वज्ञानाने तुझं वाटोळं केलंय, आईसमोर एकदाचं कबूल कर. काय करू?”

‘झोप आता’ म्हणून दिवा मालवल्याची टोचणी तुमच्या पत्रात ओळीओळीला दिसते. आधी ती जरा सैल करा. डायलिसिसच्या दिवशी, रात्री उशिरा, दमलेल्या आईने असं विचारल्यावर घाईघाईने काहीतरी उत्तर देण्यापेक्षा गप्प राहणं बरंच बरं होतं. प्रश्न अजून तिथेच आहे. आई आहे, तुम्ही आहात. वेळ गेलेली नाही.

घरमालकिणीची गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहिलीत, पण तुमची सगळी अडचण तिच्याभोवतीच फिरते आहे, म्हणून इतर वाचकांसाठी ती नीट सांगते. बारूख स्पिनोझा १६३२ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये जन्मला, पोर्तुगालमधून छळाला कंटाळून आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांच्या कुटुंबात. २७ जुलै १६५६ रोजी, वयाची २३ वर्षं पूर्ण झालेली असताना, त्याच्या समाजाने त्याला बहिष्कृत केलं. बहिष्काराचा मजकूर असा की त्याच्याशी कुणी बोलू नये, एका छपराखाली राहू नये, त्याने लिहिलेलं वाचू नये. तो परत गेला नाही, आणि दुसऱ्या कुठल्या धर्मातही गेला नाही. भिंगं घासत, भाड्याच्या खोल्यांमध्ये राहत त्याने आयुष्य काढलं. शेवटची वर्षं तो हेग शहरात हेंड्रिक व्हान डेर स्पेक नावाच्या चित्रकाराच्या घरी राहत होता. हे कुटुंब लुथेरन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, साधं, देवभीरू. एके दिवशी त्या घरच्या बाईंनी त्याला विचारलं, माझ्या धर्मात राहून माझं तारण होईल असं तुम्हाला वाटतं का? तो म्हणाला, तुमचा धर्म चांगला आहे, दुसरा शोधायची गरज नाही, आणि त्यात तुमचं तारण होईल याबद्दल शंकाही नको. मात्र भक्तीबरोबर तुमचं जगणं शांत आणि सलोख्याचं असू द्या.

ही हकिगत लिहून ठेवली ती योहान्नेस कोलेरुस या लुथेरन पाळकाने, १७०५ मध्ये छापलेल्या चरित्रात. कोलेरुसला स्पिनोझाची मतं अजिबात मान्य नव्हती. ती घातक आहेत असंच तो म्हणतो. पण त्याने त्या कुटुंबाला विचारून माहिती जमवली, आणि माणूस म्हणून स्पिनोझाबद्दल जे चांगलं ऐकलं ते लपवलं नाही. म्हणून मला ही साक्ष मोलाची वाटते.

तुमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं असं की हे उत्तर म्हणजे समजूत काढणं. बरेच विद्वान त्यांच्या बाजूने आहेत. विसाव्या शतकातले तत्त्वज्ञ लिओ स्ट्राउस यांनी तर स्पिनोझा ओळींच्या मधे लिहितो, छळाच्या भीतीने आपलं खरं मत झाकून ठेवतो, असं ठामपणे मांडलं. मला हे पटत नाही. का ते सांगते, कारण त्यावरच तुम्ही आईला काय म्हणाल हे ठरणार आहे.

त्याने १६७० मध्ये जो ग्रंथ छापला, ज्याला आपण सोयीसाठी ‘धर्म-राज्य प्रबंध’ म्हणू, त्याचा काळ आठवा. त्याचा मित्र आद्रियान कूरबाख धर्मावर डच भाषेत लिहिल्याबद्दल पकडला गेला आणि १६६९ मध्ये तुरुंगातच मेला. स्पिनोझाने आपलं पुस्तक लॅटिनमध्ये लिहिलं, लेखकाचं नाव घातलं नाही, प्रकाशनाचं गाव हॅम्बुर्ग असं खोटंच छापलं. तरी १६७४ मध्ये त्यावर बंदी आलीच. त्याच्या शिक्क्यावर ‘जपून’ या अर्थाचा लॅटिन शब्द होता. तेव्हा तो सावध होता, हे खरं. पण त्या सावध माणसाने त्या पुस्तकात काय काय छापलं ते बघा. निसर्गनियम मोडणारा चमत्कार होऊच शकत नाही. बायबलमधले मोशेचे म्हणून ओळखले जाणारे पहिले पाच ग्रंथ मोशेने लिहिलेले नाहीत. इस्राएल लोक काही बुद्धीने किंवा पुण्याईने इतरांहून निवडलेले नव्हते. इतकं सगळं लिहून झाल्यावर उरलेल्या एका प्रकरणात लोकांना बरं वाटावं म्हणून तो खोटं बोलेल, हे मला शक्य वाटत नाही. ज्याला फक्त खूश करायचं असतं तो सुरुवातच वेगळी करतो.

आता तुमचं पहिलं गृहीतक: प्रकटीकरण म्हणजे कल्पनाशक्ती, आणि कल्पनाशक्ती म्हणजे खोटं. यातला पहिला अर्धा भाग स्पिनोझाचा आहे. दुसरा तुम्ही जोडलात, किंवा आपण सगळेच जोडतो.

त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य काढून बघा. प्रकटीकरण म्हणजे देवाने माणसांना कळवलेलं एखाद्या गोष्टीचं निश्चित ज्ञान, अशी व्याख्या तो करतो. पाठोपाठ म्हणतो की या व्याख्येने आपलं नैसर्गिक ज्ञानसुद्धा प्रकटीकरणच ठरतं, कारण तेही देवापासूनच येतं. लोक फक्त दुर्मीळ आणि अद्भुत गोष्टींच्या मागे लागलेले असल्यामुळे त्याला तसं म्हणत नाहीत. मग संदेष्ट्यांचं वेगळेपण कशात? त्यांची बुद्धी इतरांहून मोठी नव्हती, कल्पनाशक्ती जिवंत होती. म्हणून प्रत्येकाला आपापल्या स्वभावाप्रमाणे, धंद्याप्रमाणे दर्शन झालं. संदेष्टा शेतकरी असेल तर त्याला बैल आणि गाई दिसतात, शिपाई असेल तर सेनापती आणि फौजा, दरबारी असेल तर राजाचं सिंहासन. बायबलमधल्या अलीशा या संदेष्ट्याला राग आलेला असताना संदेश सुचेना, तेव्हा त्याने वाद्य वाजवणारा बोलावून घेतला आणि मन शांत झाल्यावरच देवाचं वचन सांगितलं. इस्राएलचा सेनापती यहोशवा याला लढाईत सूर्य थांबलेला वाटला, कारण तो शिपाई होता. त्याला खगोलशास्त्र यावं अशी अपेक्षा आपण का धरावी?

यात थट्टा नाही. संदेष्टे खोटारडे होते, भ्रमिष्ट होते, असा निष्कर्ष स्पिनोझा काढत नाही. त्यांची खात्री तीन गोष्टींवर उभी होती असं तो सांगतो: दर्शनाचा जिवंतपणा, एखादी खूण, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे न्यायाकडे आणि चांगुलपणाकडेच ओढ घेणारं मन. अशा खात्रीला तो गणिती म्हणत नाही, नैतिक खात्री म्हणतो. त्रिकोणाच्या कोनांबद्दल असते तशी ती नसते. भरवशाच्या माणसाच्या शब्दाबद्दल असते तशी असते. तुमच्या आईने ३२ वर्षांत रात्रपाळीला ज्या डॉक्टरांच्या तोंडी सूचनेवर इंजेक्शनं दिली असतील, त्यांच्याबद्दल तिची खात्री गणिती होती का? आणि तरी ती खोटी होती का? ‘नीतिशास्त्र’ या दुसऱ्या ग्रंथात तर तो स्पष्टच म्हणतो की मन कल्पना करतं म्हणून चुकत नाही. समोर नसलेली गोष्ट आहे असं दिसत असताना ती नाही हेही मनाला कळत असेल, तर कल्पना करण्याची ताकद हा मनाचा गुणच मानायला हवा.

दुसरं गृहीतक अवघड आहे. तारण फक्त ज्ञानाने. ‘नीतिशास्त्रा’चा पाचवा भाग वाचणाऱ्याला असं वाटणं साहजिक आहे. तिथे तारण, परमसुख आणि स्वातंत्र्य हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीसाठी येतात: देवाबद्दलचं अखंड, बौद्धिक प्रेम. आणि अखेरचं वाक्य तर तुम्हाला पाठच असेल, उत्तम ते सगळं जितकं दुर्मीळ तितकंच अवघड असतं. या दारातून तुमची आई आत येणार नाही, कारण तिने ‘नीतिशास्त्र’ वाचलेलं नाही, असं तुम्हाला वाटतंय.

पण ‘धर्म-राज्य प्रबंधा’ची १४ आणि १५ ही प्रकरणं याच प्रश्नाला भिडतात. १४ व्यात तो विचारतो, श्रद्धेला किमान काय लागतं? आणि सात गोष्टी मोजतो: देव आहे, तो एकच आहे, तो सगळीकडे आहे, सगळ्यांवर त्याचा अधिकार आहे, त्याची उपासना म्हणजे न्याय आणि शेजाऱ्यावरचं प्रेम, जे असे जगतात त्यांचं तारण होतं, आणि पश्चात्ताप करणाऱ्याला तो क्षमा करतो. बस. देव म्हणजे अग्नी, आत्मा, प्रकाश की विचार, हे ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे धरावं, श्रद्धेला त्याने फरक पडत नाही. श्रद्धेतली मतं खरी आहेत की नाहीत यापेक्षा ती माणसाला सदाचरणाकडे नेतात की नाही हे महत्त्वाचं. त्यासाठी तो आधार घेतो तो बायबलच्या नव्या करारातल्या, तुमच्या आईला तोंडपाठ असलेल्या पत्रांचा: कृतीवाचून विश्वास मेलेला आहे हे याकोबाचं म्हणणं, आणि जो प्रीती करतो तो देवापासून जन्मलेला आहे हे योहानाचं. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरही त्याने योहानाच्या पहिल्या पत्रातलंच वचन छापलं होतं.

मग १५ व्या प्रकरणाच्या शेवटी तो सरळ मान्य करतो की नुसत्या आज्ञापालनाने तारण होतं हे बुद्धीला सिद्ध करता येत नाही. म्हणूनच प्रकटीकरणाची फार गरज होती, असं तो म्हणतो. बुद्धीच्या जोरावर सद्गुणापर्यंत पोचणारे लोक अगदी थोडे. पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, साक्ष नसती तर जवळजवळ सगळ्या मानवजातीच्या तारणाबद्दल आपल्याला शंका घ्यावी लागली असती. आणि हे गणिताने सिद्ध होत नाही म्हणून नाकारणं मूर्खपणाचं ठरेल. शहाणपणाने जगायचं तर ज्यावर शंका घेता येते असं काहीच खरं धरू नये, असं कुठे आहे?

बुद्धिवादी म्हणून ओळखला जाणारा माणूस आपल्या बुद्धीची हद्द स्वतः आखून दाखवतो आणि हद्दीपलीकडच्यांना बुडालेले म्हणायला नकार देतो. मला स्पिनोझातलं हे सगळ्यांत मोठं पान वाटतं. तुम्ही लिहिलेल्या घरमालकिणीच्या गोष्टीत तो जे बोलला, तेच या पानावर लिहिलेलं आहे. एकीकडे विद्वानांसाठी लॅटिनमध्ये आणि दुसरीकडे जिन्याशी उभ्या असलेल्या बाईसाठी, उत्तर एकच. यालाच समजूत काढणं म्हणायचं असेल तर त्याने सगळ्या युरोपची समजूत काढली असं म्हणावं लागेल.

ही दोन पुस्तकं एकमेकांत कशी बसतात हा प्रश्न तरीही उरतोच. तुम्ही तो प्रबंधात सोडवाल. १९७१ मध्ये अलेक्सांद्र मातेराँ यांनी फ्रेंचमध्ये अख्खा ग्रंथ त्यावर लिहिला आहे. मला स्वतःला स्पिनोझाचंच त्रैराशिकाचं उदाहरण उपयोगी पडतं. तीन संख्या दिल्या आहेत, चौथी काढायची. व्यापारी दुसरी आणि तिसरी गुणतो, पहिलीने भागतो. मास्तरांनी सांगितलं तसं, कारण न विचारता. दुसरा कुणी युक्लिडची सिद्धता जाणतो. आणि १, २, ३ इतक्या सोप्या संख्या असतील तर ६ हे एका दृष्टीत दिसतं. स्पिनोझा हे ज्ञानाच्या पायऱ्या दाखवायला वापरतो, व्यापाऱ्याचं ज्ञान खालच्या पायरीचं मानतो. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती माझी आहे, त्याच्या माथी मारत नाही: तिघांचं उत्तर एकच येतं. पाठ केलेल्या रीतीने हिशेब करणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाईकाला चुकीचे पैसे परत दिलेले नसतात. तुमच्या आईने शेजाऱ्यावर प्रीती केली ती ‘देवाने सांगितलं’ म्हणून. तुम्ही ती सिद्ध करून दाखवाल. रात्री तीन वाजता ज्या पेशंटची चादर तिने बदलली, त्याला या दोन रीतींतला फरक कळला नसता.

इथपर्यंत आधार आहे. आता तो कुठे संपतो तेही सांगायला हवं, कारण अर्धा स्पिनोझा आईच्या उशाशी ठेवणं ही खरी फसवणूक होईल. आईला तारण म्हणजे प्रभूजवळ जाणं, आणि बहुधा तुमच्या बाबांना पुन्हा भेटणं. स्पिनोझाकडे ते नाही. मनाचा काही अंश चिरंतन आहे असं तो म्हणतो, पण आठवण आणि कल्पना शरीर आहे तोवरच. म्हणजे ओळख, भेट, नाव घेऊन हाक मारणं, हे त्याच्या चिरंतनात नाही. देवावर प्रेम करणारा देवाने उलट आपल्यावर प्रेम करावं अशी धडपड करू शकत नाही, असंही तो लिहितो. ख्रिस्ताबद्दल त्याला फार आदर होता. देवाची चिरंतन सुज्ञता सगळ्यांत जास्त त्याच्यात प्रकट झाली, मोशेने आवाज ऐकला पण ख्रिस्ताचा संवाद मनाचा मनाशी होता, असं तो म्हणतो. पण देव माणूस झाला हे त्याला वर्तुळ चौकोन झालं म्हणण्यासारखं वाटे, आणि पुनरुत्थान तो रूपकाने घेई. तेव्हा ‘आई, स्पिनोझासुद्धा हेच म्हणतो’ असं कृपा करून सांगू नका. तो हेच म्हणत नाही. आचरणापाशी दोघं एकत्र येतात, आणि तिथून पुढे वाटा वेगळ्या होतात.

मग आईला काय सांगायचं?

बोलण्याआधी एक विचारा. आई अशी शंका आधी कधी काढत होती का? ज्या ख्रिस्ती मंडळीत ती वाढली तिथे विश्वासणाऱ्याने तारणाची खात्री बाळगायची असते. शंका बोलून दाखवणं सोपं नसतं. ती घाबरली असेल. कदाचित तिला काही जुनं खुपत असेल, एखाद्या पेशंटबाबत झालेली चूक, कुणाशी तुटलेलं नातं. किंवा तुमचं काहीतरी बदललंय हे तिला कळलं असेल आणि ती तुमच्याच काळजीत असेल. यातलं काय ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. म्हणून डायलिसिस नसलेल्या दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळी विषय तुम्हीच काढा: “आई, त्या दिवशी तू विचारलंस आणि मी झोप म्हणाले. तुला असं का वाटलं गं?” आणि ती बोलेल तेवढा वेळ ऐका. मधे संदर्भ नको.

मग उत्तर. तुमच्यापुढे फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोनच दारं आहेत असं तुम्ही धरलंत. त्या घरमालकिणीला मिळालेलं उत्तर नीट पाहा. त्यात स्वर्गाचं वर्णन नाही. त्यात तो ज्याबद्दल बोलू शकत होता तेवढंच आहे: तिचा धर्म तिला चांगलं जगायला लावतो, हे त्याने त्या घरात राहून पाहिलं होतं. तुम्ही तर ३१ वर्षं पाहिलंय. “आई, मेल्यावरचं मला कळत नाही. पण तू ज्यावर विश्वास ठेवलास त्याने तुला जशी ठेवली, ते मी बघितलंय. त्यात काही खोटं नव्हतं. तुझी वाट बरोबर आहे.” यातला एकही शब्द तुम्हाला गिळावा लागणार नाही. तुमच्या शब्दांत सांगा. माझे उसने घेऊ नका, आईला ते लगेच कळतील.

ती पुढे विचारेल, “आणि तुझं?” विचारलंच तर खोटं बोलू नका. न विचारता मात्र तिच्या अंथरुणापाशी कबुलीजबाब नेऊन टाकू नका. भाऊ म्हणतो ‘मोकळी हो’, पण त्याने मोकळं कोण होणार, आणि ओझं कुणाच्या छातीवर जाणार? स्पिनोझाने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सामान्य लोकांनी हे पुस्तक वाचूच नये असं लिहिलंय. ते वाक्य मला नेहमी खुपतं. त्यात लोकांबद्दलची भीती आहे, थोडा तुच्छभावही आहे. पण त्याच माणसाने घरात कुणाच्या श्रद्धेला धक्का लावला नाही, हे त्याच्या पुस्तकापेक्षा चांगलं उदाहरण आहे. विचारल्यावर खरं सांगणं आणि न विचारता गप्प राहणं, या दोन्हींत फसवणूक नाही. फसवणूक होते ती ‘मी रोज प्रार्थना करते’ असं म्हणण्यात.

उपासनेचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘मनापासून बसलेले नाही’ या शब्दांत ते आहेच. आईला रविवारी घेऊन जा. शेजारी बसा. गीतं येत असतील तर म्हणा, ती तुमच्या बालपणाचीही आहेत. मात्र प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, घ्यायचं की नाही ते विचार करून ठरवा. स्वतःची परीक्षा करूनच ते घ्यावं असं नव्या करारात पौलानेच लिहिलंय, तेव्हा न घेणं हा त्या विधीचा अपमान ठरत नाही, उलट त्याचं गांभीर्य तुम्ही ओळखलंत असं होईल. कोलेरुस सांगतो की स्पिनोझा घरच्या मंडळींना प्रवचन चुकवू नका म्हणे, मुलांना आईवडिलांचं ऐकायला आणि उपासनेला जायला सांगे, आणि ती परतली की आज काय ऐकलंत असं विचारी. तिथला एक लुथेरन पाळक त्याला विद्वान आणि मनाचा चांगला वाटे. त्याची प्रवचनं ऐकायला तो स्वतःही कधीकधी जाई. २१ फेब्रुवारी १६७७, रविवार. सकाळी तो घरच्यांशी बोलला होता. दुपारी ती सगळी चर्चला गेली, आणि परत आली तेव्हा तो गेलेला होता. त्याच्यामुळे त्यांचा रविवार एकदाही चुकला नाही.

भावाशी वाद घालू नका. डोर्ड्रेख्टचा धान्यव्यापारी ब्लायेनबर्ग याने स्पिनोझाला लांबच लांब पत्रं लिहिली, आणि काही पत्रांनंतर स्पिनोझाच्या लक्षात आलं की या माणसाच्या विचाराचा पायाच वेगळा आहे. शास्त्रवचन आणि बुद्धी भांडली तर तो वचनामागे जाणार. मग त्याने सौम्यपणे लिहिलं की आपल्या पत्रांतून एकमेकांना काही शिकता येईल असं वाटत नाही. तुम्हीही तेवढंच म्हणा, आणि आईच्या औषधांच्या वेळा वाटून घ्या. पुढे आल्बर्ट बुर्ख या आपल्या जुन्या परिचिताला स्पिनोझाने जे चिडलेलं उत्तर पाठवलं, ते मात्र गिरवू नका. तिथे तो स्वतःच घसरला असं मला वाटतं.

अशी पत्रं मला वारकरी घरांतून येतात, मुसलमान घरांतूनही येतात. शिकलेली मुलगी किंवा मुलगा आई-वडिलांच्या श्रद्धेकडे बाहेरून बघू लागतो आणि त्याला वाटतं, आता एक तर ढोंग करायचं किंवा घर मोडायचं. तुम्हा सगळ्यांना एक काम सुचवते. ग्रंथ हातात घ्या आणि घरातल्या माणसाबरोबर वाचा, पण ‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. ‘इथे काय म्हटलंय?’ एवढंच विचारा. अर्थ आणि सत्य वेगळे ठेवायचे, ग्रंथाचा अर्थ ग्रंथातूनच काढायचा, हे स्पिनोझाच्या ‘धर्म-राज्य प्रबंधा’च्या सातव्या प्रकरणातलं सूत्र आहे. त्याला हिब्रू उत्तम येत होतं, त्या भाषेचं व्याकरण तो लिहीत होता. ते अपुरं राहिलं. पवित्र शास्त्र फेकून देणारा माणूस त्याच्या व्याकरणावर इतके कष्ट घेत नाही. अशा वाचनात श्रद्धावंताला काही सोडावं लागत नाही आणि तुम्हाला काही मानावं लागत नाही. आणि ज्याला ग्रंथ पाठ असतो, तो बहुतेक वेळा तुमच्याहून चांगला वाचतो.

तुमच्याकडे तर मजकूरही तयार आहे. संदेष्ट्यांची शैली माणसागणिक कशी बदलते हे पाहायचं असेल तर यशयाच्या पहिल्या अध्यायातली ११ ते २० ही वचनं आमोसाच्या पाचव्यातल्या २१ ते २४ शी ताडून बघा, असं स्पिनोझा दुसऱ्या प्रकरणात सुचवतो. एक दरबारात ऊठबस असलेला, दुसरा तकोवाचा मेंढपाळ. दोघंही एकच सांगतात: तुमची होमार्पणं, तुमचे सण, तुमची गाणी मला नकोत, न्याय करा. आईचं जुनं पवित्र शास्त्र काढा, ते तिच्याच हातात द्या आणि दोन्ही उतारे तिला मोठ्याने वाचायला सांगा. कोण गावाकडचा आणि कोण शहराकडचा, ते तिला ओळखू द्या. मग तुम्ही तिला विचारा की होमार्पणं नकोत तर देवाला हवं तरी काय, आणि ती काय म्हणते ते तिच्या शब्दांत लिहून ठेवा.